शेवटचा नग

आमच्या घरमालकांइतका उद्याला घाबरणारा आणि आजला न जुमानणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, असं मी जाहीरपणे म्हणतो. कुणाची हरकत असेल तर त्यानं पत्रक काढावं, मी उत्तराचं पत्रक काढीन. पुढारी मी जवळून पाहिलेत, त्यांचा उद्या निवडणुकीला संपतो. आमचे घरमालक मात्र नवी चप्पल पायात घालण्याआधी दुकानदाराला विचारायचे, "हा अंगठा तुटला तर आसाच अंगठा धा वर्षांनी मिळंल का?" दुकानदार म्हणायचा, "काका, धा वर्षांनी मीच मिळतो का न्हाई, कोणाला ठावं." यावर हसून सोडून द्यावं की नाही? नाही. काका गंभीर होऊन त्याच्या थोरल्या पोराची चौकशी सुरू करायचे. पोरगा दुकानावर बसतो का, त्याला धंद्यात रस आहे का, का त्यालाही पुण्याला पळायचंय. समाधान झालं नाही तर जुन्याच चपलेत घरी परत.

त्यांची माझी गाठ पडली ती खोलीपायी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन दहाएक वर्षं झाली होती, ठराव कागदावर वाळत पडला होता, आणि आम्ही पोरं पत्रकं वाटत गावोगाव हिंडत होतो. मला परभणीत एक खोली हवी होती. ज्या दारात जावं तिथं आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी काल दिलेली निघायची. त्या एका 'काल'मध्ये परभणीत इतक्या खोल्या गेल्या होत्या की शहरात पाय ठेवायला जागा उरायला नको होती. जिंतूर रोडवरच्या या घरात मी दारातूनच बजावलं, "आधी आडनाव ऐकून घ्या, मग पाणी विचारा." काका म्हणाले, "आडनाव ऱ्हाऊ द्या. किती वर्षं ऱ्हाणार ते सांगा. आन तुमी गेल्यावर तुमच्या जागी कोण?" मी चक्रावून एका मित्राचं नाव सांगितलं. "आन तोबी गेला तर?" मी आणखी एका मित्राचं नाव सांगितलं. काकांनी किल्ली काढून हातात दिली. जातिअंताची ही वाट मला कुठल्याच शिबिरात कुणी सांगितली नव्हती.

तेव्हापासून मी त्यांचा 'कार्यकर्ते' झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या मते नाव एकाच माणसाचं असतं, कार्यकर्ते म्हटलं की बदली माणूस आला तरी हाक तीच चालते.

काका मूळचे वालूरचे, शेतकरी घरातले. शेती भावांवर सोडून ते सरकारी भांडारात स्टोअरकीपर म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. स्टोअरकीपरांच्या धर्मात एकच आज्ञा असते म्हणे: शेवटचा नग द्यायचा नाही. मागणारा साहेब असो की साहेबाचा साहेब, फडताळात एक नग राहिलाच पाहिजे. "भांडार रिकामं दिसलं की वरच्याला वाटतं, स्टोअरकीपरबी रिकामाच बसून हाय." नोकरी संपली, आज्ञा राहिली. घरात चहापत्तीच्या डब्यात तळाशी एक चिमूट असायची, ती कधी उकळली नाही. प्रत्येक काडेपेटीत एक काडी शिल्लक, आणि अशा एक-एक काडीच्या पेट्यांनी कोनाडा भरलेला. एकदा स्टोव्ह पेटवायला काकू शेजारून काडी मागून घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "ह्या घरात सगळं हाय रे बाबा, पर वापरायला काय बी न्हाई. मी इचारलं, मला पर्याय हुडकून ठिवलाय का? तर म्हनतेत, तो पुर्जा कंपनीनं बंद केलाय. आता ह्याला कौतुक म्हनावं का मोडीत काढनं?"

चळवळीलाही त्यांनी हाच गज लावला. मी तावातावानं आमच्या पुढाऱ्याचं भाषण सांगत होतो तर मध्येच म्हणाले, "समदं खरं. पर ह्यो गडी उद्या तिकडं गेला तर?" मी म्हटलं, "आमचा पुढारी विकला जाणार नाही!" काका म्हणाले, "विकलं जायचं कोण म्हणायलंय? बंद पडायचं म्हणायलोय." त्या वर्षांत आमच्यात गटांतून गट फुटत होते. म्हणजे सुट्या भागांचा तुटवडा नव्हता, जोडणाऱ्याचा होता. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

या सगळ्याचा कळस अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. औरंगाबादच्या एका प्रदर्शनात काकांनी आपोआप कोरीवकाम करणारं मशीन पाहिलं होतं, आणि ज्या वयात माणसं भजनी मंडळात नाव घालतात त्या वयात त्यांनी त्याचं धाकटं भावंड घरी बांधायला घेतलं. लाकडी चौकट, तिच्यावर पुढे-मागे, आडवं आणि वर-खाली सरकणारं एक ड्रिल, आणि ते सरकवायला भंगारातल्या प्रिंटरांतून काढलेल्या तीन मोटारी. आकडे भरायचे, आकड्यांबरहुकूम मोटारी फिरायच्या, ड्रिल फळीवर नक्षी कोरायचं. आकडे वाचून मोटारींना हुकूम सोडतो तो कंट्रोलर. "मशीन म्हंजे गाव, मोटारी म्हंजे गडी, आन कंट्रोलर म्हंजे पाटील," असं ते समजावून सांगत. मी लगेच हरकत घेतली, "पाटील कशाला? ग्रामसभा म्हणा." काका म्हणाले, "ग्रामसभेवर सोडलं तर ड्रिल एकाच जागी हुबं ऱ्हाऊन टेबलाला भोक पाडंल."

हा पाटील मिळवण्यातच त्यांचं निवृत्तिवेतनी आयुष्य चाललं होतं. पहिला कंट्रोलर म्हणजे दुबईला गेलेल्या पुतण्यानं पाठवलेला छोटा कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून शिकवायचा. कॅसेट लागली की गळा धरलेल्या बोक्यासारखा आवाज गल्लीभर जायचा. काकांना तो वळेपर्यंत कंपनीनं तो बनवायचंच बंद केलं. काकांनी कंपनीला इंग्रजीत पत्र टाकलं की याचे सुटे भाग किती वर्षं देणार ते कळवा. कंपनीचं उत्तर आलं, आमचं नवं मॉडेल घ्या. काका असे खवळले की मला वाटलं आता हे मोर्चा काढतात. "बायकू नांदायला कवा धाडता म्हून इचारावं, आन सासऱ्यानं म्हणावं, धाकटी न्या!" पुढं मे महिन्याच्या एका दुपारी परभणीचं ऊन आणि परभणीचा व्होल्टेज एकत्र आले आणि त्या कॉम्प्युटरनं धूर सोडून प्राण सोडला.

दुसरा कंट्रोलर हैदराबादच्या कुणा हुशार गृहस्थानं हातानं बनवलेलं कार्ड होतं. चालायचं झकास. पण आपली कला कुणी चोरू नये म्हणून त्या भल्या माणसानं त्यावरच्या सगळ्या आयसींचे नंबर घासून टाकले होते. आयसी म्हणजे ते काळे, बारीक, पुष्कळ पायांचे किडे. पाठीवर नंबर असतो, तेच त्यांचं नाव. नंबर घासले, कार्ड विकलं, आणि गृहस्थ अमेरिकेला निघून गेला. काकांनी ते कार्ड माझ्यापुढं धरलं. "नावच घासून टाकलं, कार्यकर्ते! मान मोडून काम करायलाय बिचारा, पर नाव न्हाई. उद्या ह्याला बाजारात काय म्हून हुडकावं?" मी म्हटलं, "काका, आमचंही बारा महिने हेच म्हणणं आहे." ते म्हणाले, "मग पत्रक काढा की." मी खरोखर काढलं. त्यातला आयसीचा दाखला आमच्या गटात कुणालाच कळला नाही आणि विरोधी गटानं तो आपल्यावर घेतला.

त्यानंतर काकांनी ठरवलं की तिसरा कंट्रोलर आपणच करायचा, आणि असल्या आयसींचा की जे कुठल्याही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळतील. "जो आयसी चारठाण्याच्या रेडिओवाल्याकडं मिळत न्हाई, त्यो माझ्या मशीनला चालत न्हाई," हा त्यांचा कायदा. म्हणून ते एसटीनं जिंतूर, सेलू, चारठाणा करत दुकानं पालथी घालत. कुठं एखादं दुकान बंद पडलं की तो आयसी बाद, कार्डाचा नकाशा पुन्हा पहिल्यापासून. परिणाम असा की मशीन तयार, घासलेल्या नंबरांचं कार्ड ठणठणीत, पण तो शेवटचा नग, म्हणून तो वापरायचा नाही. आणि तिसरा कंट्रोलर कायम अर्ध्यात. इतक्या वर्षांत त्या मशीननं लाकडाचा कणभर भुगा पाडला नव्हता. गल्लीतले विचारायचे, "काका, मशीनची हळद कधी?" काका म्हणायचे, "घाई कशाला, पोरगं आपल्याच घरात हाय."

इथपर्यंत हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग आमच्या पाटीचं काम निघालं.

पेडगावच्या पलीकडं एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण आता तिथली माणसं माझ्याशी बरी बोलतात. तिथल्या आमच्या वस्तीत आम्ही एका खोलीचं वाचनालय उभं केलं. वस्तीनं त्याला नाव दिलं. कुणाचं ते सांगायला नको. त्या वर्षांत मराठवाड्यात 'नाव' म्हटलं की एकच होतं, आणि माणसांचे पक्षही दोनच, ते घेणारे आणि ते ऐकून कानात बोटं घालणारे. भिंतीवर नाव रंगवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर डांबर. पत्र्याची पाटी लावली, ती वाकडी होऊन ओढ्यात सापडली. तेव्हा वाचनालय झाडणारी मावशी, जिला अक्षरओळख नव्हती, तिनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "नाव लागल्याबिगर दार उघडायचं न्हाई. बिननावाच्या घरात आमची लेकरं बसायची न्हाईत." पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या, पुस्तकं आत, पोरं ओट्यावर. मी समजावून पाहिलं. मावशी म्हणाली, "भाषण नगं करूस, पाटी आण. आन रंगवू नगंस आता. कोरून आण. खोल."

परभणीत सगळे पेंटर पालथे घातले. एकानं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "भाऊ, रंग हाय, बुरूस हाय, पर दुकानबी हाय ना." सुतार म्हणाला, "फळी पाहिजे तेवढी न्या, अक्षरं तेवढी दुसरीकडं घाला." कोऱ्या फळीवर या जिल्ह्यात कुणाचाच राग नव्हता. ती सागाची फळी खांद्यावर घेऊन मी घरी आलो, अंगणात आपटली आणि म्हटलं, "काका, मशीन काढा."

काकांनी फळी ठोकून पाहिली, नाव ऐकलं, अक्षरांची उंची विचारली आणि म्हणाले, "हे जमायचं न्हाई."

मला तेच अपेक्षित होतं, आणि अपेक्षित असलं की माणसाला चेव जास्त येतो. मी म्हटलं, "सरळ सांगा ना, नावाची भीती वाटते! खोली दिलीत, पाणी दिलंत, पण पाटीपाशी आलं की तुम्हीही त्यांतलेच!" काकू पोलपाट सोडून दारात आल्या. काका मात्र नुसतेच बघत राहिले, एखाद्यानं भलत्याच खात्याचा अर्ज आपल्या टेबलावर ठेवावा तसे.

"नावाचं काय घेऊन बसलाव, कार्यकर्ते," ते म्हणाले. "ही पाटी लावली की ते फोडणार. फोडणार का न्हाई?"

"फोडतीलही."

"मग दुसरी लागंल. तीबी फोडली की तिसरी. मी एक पाटी कोरून हे कार्ड जाळून बसलो तर दुसरी कशावर कोरू? सुरू करायचं आन मधीच माल न्हाई म्हून हात वर करायचे, हे काय काम झालं? तिसरा कंट्रोलर हू द्या. मग ते फोडून फोडून दमंस्तोवर देतो पाट्या."

सरकारनं आम्हाला एक ठराव देऊन हात वर केले होते. हा माणूस एकही पाटी न देता आयुष्यभराच्या पुरवठ्याची तजवीज करत होता. पण मला त्या दिवशी तत्त्व नको होतं, पाटी हवी होती. मी ओरडलो, "काका, आधी पहिली तर लागू द्या! पोरं ओट्यावर बसलीत!"

"आसं कसं लागू द्या? एकदा लावली की कायमची लागली पाहिजे."

तेव्हा काकू उंबऱ्यातून म्हणाल्या, "आवो, संपू द्या की येकदा कायतरी ह्या घरातलं! माझी समदी हयात डब्याच्या बुडाकडं बघन्यात गेली. येक डब्बा रिकामा झालेला बघू द्या मला."

काकांनी फळी उचलली. मग शेडचं दार उघडून आत गेले. पुढचा आठवडा त्यांनी आलेखाच्या कागदावर अक्षरं काढून प्रत्येक वळणाचे आकडे केले. आणि एका सकाळी, लाइट टिकण्याची त्यातल्या त्यात आशा होती अशा वेळी, खटका ओढला. गल्ली शेडपुढं गोळा झाली. मोटारी कुरकुरल्या, ड्रिल थरथरलं, आणि फळीतून सागाचा पहिला भुगा उडाला. कुणी तरी खरोखरच ओरडलं, "लागली हळद!" मशीनचा वेग असा की मधे जेवून यावं. पण कोरत होतं खोल. एकेक अक्षर उमटत होतं तसे बघे गप्प होत गेले. ते नाव इतक्या सावकाश कुणी कधी वाचलंच नव्हतं. एक तर घोषणेत ओरडलेलं, नाही तर शिवीत. दोघं-तिघं शेवटपर्यंत न थांबता निघून गेले, तेही मी पाहिलं.

शेवटचं अक्षर तेवढं राहिलं आणि काकांनी खटका बंद केला.

"काय झालं? जळलं?"

"न्हाई. बरं हाय," ते कार्डावर तळवा धरून म्हणाले. "गरम व्हायलंय जरा. आता ह्याला ऱ्हाऊ द्या."

"काका, एकच अक्षर उरलंय!"

"म्हूनच." आणि त्यांनी पटाशी आणि लाकडी हातोडी उचलली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. मी मशीनच्या, कार्डाच्या आणि भारत सरकारच्या नावानं बोटं मोडत उभा राहिलो, आणि हा गृहस्थ मांडी ठोकून ते शेवटचं अक्षर हातानं कोरत बसला. संध्याकाळपर्यंत झालं. मी खवचटपणे विचारलं, "हातानं येत होतं तर इतकी वर्षं मशीन कशाला?" काका भुगा फुंकत म्हणाले, "हाताला पर्याय नगं?"

पाटी लागली. मावशीनं अक्षरांत बोट घालून किती खोल ते पाहिलं आणि कुलूप काढलं. आता हिच्यावर कधी घाला येतो याची आम्ही वाट पाहू लागलो. सगळ्यांत जास्त वाट काका पाहत होते. मी त्या बाजूनं आलो की ते शेडमधून मान बाहेर काढायचे.

"फोडली का?"

"नाही काका. डांबर लावलं होतं, मावशीनं रॉकेलनं पुसलं. कोरलेलं तसंच आहे."

"फोडली न्हाई म्हंता?"

"नाही."

"बरं बरं," असं म्हणून ते आत जायचे, आणि त्या 'बरं'मध्ये किंचित हिरमोड असायचा. त्यांचा तिसरा कंट्रोलर झपाट्यानं पुरा होत होता. पुरा झालाही. प्रत्येक आयसी चारठाण्यात मिळणारा, प्रत्येकाच्या पाठीवर नाव ठसठशीत. त्यावर त्यांनी दुसरी पाटी कोरून राखीव म्हणून ठेवली. ती लागलीच नाही. पहिली डांबर पचवून जागेवर राहिली आणि हळूहळू लोकांचा डांबर लावण्याचाही उत्साह गेला.

मग विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. रस्त्यात कुणी पेढे वाटत होतं, कुणी रडत होतं, आणि मी घरी येऊन काकांपुढं आग ओकली की पूर्ण बदल मागितला तर यांनी जोड देऊन भागवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जोड दिलेला पुर्जा चालतो, कार्यकर्ते," ते म्हणाले. "पर जोडावर नजर ठिवावी लागती. तेवढं तुमी करा." एरवी मी असल्या समजूतदार माणसाविरुद्ध पत्रक काढलं असतं. त्या दिवशी कागदच सापडला नाही म्हणा. पुढच्या महिन्यात तोच दुकानवाला पेंटर, ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, चौकाचौकात तेच नाव हौसेनं रंगवत होता. मशीनला कुणी काही विचारायला आलं नाही.

यंदा काकांची नजर गेली, म्हणजे जवळजवळ गेलीच. आयसीचे पाय दिसेनात. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता, त्यानं आई-वडिलांना घेऊन जायचं ठरवलं. निघायच्या आधी काका म्हणाले, पाटी लागल्यावर बघितलीच नाही. मी त्यांना एसटीनं त्या गावाला घेऊन गेलो. ओट्यावर स्टूल ठेवून चढवलं, आणि मावशीनं स्टूल धरलं. काकांनी अक्षराअक्षरातून बोट फिरवलं. आत पोरं गणितं सोडवत होती. कुणी वर पाहिलं नाही, पाटीचं आता कुणाला काही वाटत नव्हतं. मावशीनं विचारलं, "बरूबर हाय का बाबा?" काका म्हणाले, "हाय. पर धूळ लय बसली." मावशी म्हणाली, "पुसते," आणि तिनं पदर पुढं केला. मग तिच्या घरी चहा झाला. काकांनी कप रिकामा केला, आणखी अर्धा मागून घेतला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. बाहेर त्यांना फारसं दिसत नसावं. पेडगाव मागं पडल्यावर एकदम म्हणाले, "पुण्याला समदं मिळतं म्हंतेत, कार्यकर्ते. ज्या दुकानात जावं तिथं मिळतं."

"हो काका. मिळतं."

"मग मी तिथं काय करू?"

मी त्यांचा हात धरून बसलो, परभणी येईपर्यंत.